मूळचे कुठले आपण?

दोन मराठी माणसं रेल्वेच्या डब्यात समोरासमोर बसली, की गाडी सुटायच्या आत एक प्रश्न हमखास सुटतो : ‘मूळचे कुठले आपण?’ हल्ली राहता कुठे, याला किंमत नाही. राहायला काय, माणूस कुठेही राहतो. ‘पुण्याला असतो’ एवढं सांगून कुणाची सुटका झालेली मी पाहिलेली नाही. ‘ते झालं हो, पण मूळचे?’ मग आजोबांचं गाव निघतं, खापरपणजोबांनी सोडलेलं गाव निघतं, आईचं माहेर निघतं, आणि दोन स्टेशनं जायच्या आत याची आत्या आणि त्याची मावशी एकाच आळीत दिलेल्या निघतात. मगच जेवणाचे डबे उघडतात.

माझे सासरे हा प्रश्न माणसांना फारसा विचारत नसत. ते तो पितळेच्या टोपणांना विचारीत. त्यांची सगळी हयात दारूगोळ्याच्या सरकारी खात्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर इतर माणसं गीतेच्या वर्गाला जातात, सोसायटीचे चिटणीस होऊन शेजाऱ्यांशी वैर धरतात, नाहीतर ‘आमच्या वेळी’ या दोन शब्दांवर उरलेलं आयुष्य काढतात. सासऱ्यांनी जुन्या तोफगोळ्यांचे फ्यूज ओळखायला घेतले. हा कुठल्या देशाचा, कुठल्या तोफेचा, केला कुणी, वापरला कुणी... ‘चाळीस वर्षं झाली लग्नाला,’ सासूबाई म्हणायच्या, ‘माझं आजोळ कुठलं ते यांना अजून धड सांगता येत नाही. पण त्या मेल्या टोपणाच्या सात पिढ्या तोंडपाठ!’

आता फ्यूज म्हटल्यावर तुमच्याआमच्या डोळ्यांपुढे काय येतं? जिन्याखालचा मीटर, चिनीमातीचा तो पांढरा ठोकळा, आणि मेणबत्ती शेवटी कुणी ठेवली होती यावरून अंधारात चाललेलं भांडण. तो फ्यूज वेगळा. तो जळला की सगळं थंड होतं. तोफगोळ्याचा फ्यूज जळला की पुढे थंड राहण्यासारखं काही उरत नाही. इंग्रज शिस्तीचे, घोटाळा नको म्हणून त्यांच्या तोफखान्यानं आपल्या फ्यूजच्या स्पेलिंगात ‘एस’च्या जागी ‘झेड’ घातला. शब्दाचं मूळ इटालियन ‘फूझो’, म्हणजे सूत कातायची चाती. दारू ठासलेली पूर्वीची नळी चातीसारखी दिसायची, म्हणून ते नाव. शाळेत सूतकताईच्या तासाला जिनं आमच्या बोटांना घट्टे पाडले, त्या टकळीच्या बहिणीनं तोफगोळ्याच्या नाकावर जाऊन बसावं, हा काव्यगत न्याय की अन्याय, ते गांधीजीच सांगू जाणोत.

गोळ्याच्या नाकावर बसणारं हे टोपण दिसायला साधं. मूठभर उंचीचं, शंकूच्या आकाराचं, एखाद्या जुन्या समईचा वरचा भाग निखळून पडावा तसं. पण गोळ्यातली सगळी अक्कल तिथेच असते. बाकीचा गोळा म्हणजे नुसतं लोखंड आणि राग. केव्हा फुटायचं, हे टोपण सांगतं. काही टोपणं आपटल्यावर बोलतात. काही वेळेवर बोलतात. आणि काहींना दोन्ही येतं : ठरल्या वेळी हवेत फुटायचं, ते राहून गेलं तर खाली पडल्यावर फुटायचं.

वेळेवर फुटण्याचं महत्त्व हेन्री श्रॅपनेल या इंग्रज अधिकाऱ्यापासून वाढलं. १७८४ साली त्यानं पोकळ गोळ्यात बंदुकीच्या गोळ्या भरायची कल्पना काढली आणि १८०३ साली ती ब्रिटिश सैन्यानं स्वीकारली. पहिल्या महायुद्धातल्या १८ पौंडी तोफेच्या श्रॅपनेलमध्ये अशा ३७५ च्या आसपास गोळ्या असत. हा गोळा शत्रूच्या थोडा आधी आणि थोडा वर फुटला पाहिजे. आधी फुटला तर फुकट, नंतर फुटला तर शेताला खड्डा. म्हणजे टोपणाला सेकंदाचा हिशेब ठेवायला हवा. पण त्याच्या पोटात घड्याळ नाही, वात आहे. एकावर एक दोन कड्या, कड्यांच्या खाचेत सावकाश जळणारी दारू. तोफ उडाली की त्या हिसक्यानं आतला इवलासा दट्ट्या सुईवर आदळतो, ठिणगी पडते आणि दारू खाचेतून गोल गोल जळत निघते. खालची कडी आधीच फिरवून ती किती लांब जळायची ते ठरवायचं. आपल्या आज्या उदबत्ती लावून ‘ही संपेपर्यंत जप कर’ म्हणायच्या, त्यातलाच प्रकार. शेवट तेवढा निराळा.

फ्यूज ओळखायची पहिली पायरी म्हणजे त्याचं नाव वाचणं. आणि नाव ठेवायच्या पद्धतीतच देशाचा स्वभाव दिसतो, असं सासरे म्हणत. जर्मन माणूस फ्यूजला जन्मसालानं हाक मारतो. ‘डॉप. झेड. ९२’ म्हणजे १८९२ चा डॉपेलझ्युंडर, दोन्ही तऱ्हेनं पेटणारा. फ्रेंच माणूस शिंप्यासारखी मापं सांगतो : ‘२२/३१’, ‘२४/३१’, ‘३०/५५’, आकडे व्यासांचे, मिलिमीटरमध्ये. रशियन त्याची धमक सांगतो : बावीस सेकंदांची नळी. अमेरिकन जुन्या काळी शोधकर्त्याचं आडनाव लावी : बोरमान, पॅरट, हॉचकिस. आणि इंग्रज? इंग्रज शाळामास्तर. तो हजेरीपटावरचा नंबर देतो. नंबर ८०, हजर! नंबर १०६, हजर! नंबरापुढे सुधारणा किती झाल्या त्याचा रोमन आकडा, मग बनवणाऱ्याची आद्याक्षरं, मग साल, मग लॉट, आणि सरकारी मालावरचा तो बाणाचा शिक्का.

अक्षरं झिजली असतील तर अंगलट बघायची. फ्रेंच टोपणाच्या अंगावर भोकांची नागमोडी रांग वर चढत गेलेली असते. त्यांच्या ७५ मिलिमीटरच्या तोफेजवळ एक खास यंत्र ठेवलेलं असे. गोळ्याचं नाक त्यात घालून दांडा दाबला की हव्या त्या जागी भोक पडे, आणि ते एका वेळी दोन गोळ्यांना पाडता येई. जर्मन आणि इंग्रज टोपणांना फिरत्या कड्या. पण त्या कड्यांवरचे आकडे बघावेत. इंग्रजी नंबर ८० वर शून्यापासून बावीसपर्यंत वेळेचे आकडे. जर्मन मैदानी तोफेच्या फ्यूजवर मीटर! हा फरक मला चटकन कळला. पुण्यात कुणाला ‘स्टेशन किती लांब?’ विचारा. ‘दहा मिनिटं’ म्हणेल. लांबी विचारली तर वेळ सांगेल. म्हणजे तोफखान्याच्या दृष्टीनं पुणेकर इंग्रजांच्या बाजूचा. ‘अडीच किलोमीटर’ असं उत्तर देणारा भेटलाच तर तो मूळचा कुठला, ते जरूर विचारावं.

ही टोपणं सासऱ्यांना भेटत ती पुण्याच्या जुन्या बाजारात. बुधवारी आणि रविवारी. तिथे मोडक्या पंख्यापासून हत्तीच्या घंटेपर्यंत सगळं मिळतं आणि प्रत्येक वस्तूला इतिहास फुकट. एकदा एका विक्रेत्यानं पितळी टोपण पुढे सरकवलं.

‘साहेब, पानिपतचं आहे.’

सासऱ्यांनी हात पाठीमागे बांधले, कमरेत वाकून चारी बाजूंनी न्याहाळलं, आतून रिकामं असल्याची खात्री करून घेतली आणि मगच हातात घेतलं. हा त्यांचा नेम होता : आधी डोळे, मग डोकं, आणि हात सर्वांत शेवटी.

‘पानिपत झालं १७६१ ला,’ ते म्हणाले. ‘यावर १९१६ लिहिलंय. भाऊसाहेबांना रसद उशिरा पोचली हे खरं, पण एकशे पंचावन्न वर्षं?’

विक्रेता जरासुद्धा ओशाळला नाही. ‘मग पन्नास रुपये कमी द्या,’ म्हणाला.

परदेशची उदाहरणं सांगताना सासऱ्यांचं लाडकं टोपण होतं बोरमानचं. बोरमान हा बेल्जियमचा कॅप्टन. त्यानं शिसं-कथलाची एक चकती काढली. तिच्या पोटात घोड्याच्या नालासारख्या खाचेत दारू, वर सव्वापाच सेकंदांपर्यंतचे आकडे. तोफवाल्यानं हव्या त्या आकड्यावर टोच्यानं भोक पाडायचं, की झालं. ही बेल्जियन चकती अमेरिकेनं उचलली, आणि १८६१ ते १८६५ च्या त्यांच्या यादवीत उत्तर आणि दक्षिण दोघेही तीच एकमेकांवर झाडू लागले. उत्तरेची बरी चाले. दक्षिणेनं तिची नक्कल केली, पण कृती मिळाली तरी हाताची चव मिळत नाही. खालची दारू नीट बंद होईना, आणि गोळे वेळेआधी फुटायला लागले. तोफा असतात पायदळाच्या मागे. म्हणजे वेळेआधी फुटणारा गोळा कुणाच्या डोक्यावर फुटत असेल, ते तुम्हीच ताडा. शेवटी दक्षिणेनं तो नाद सोडला आणि त्या भोकात दुसरी बुचं बसवून कागदी वातीवर काम भागवलं. तिकडच्या मातीत आज चकती सापडली, की जाणकार बघतात : खोबण बोरमानची आणि बूच दुसरंच? मग गोळा बहुतेक दक्षिणेचा.

धातूसुद्धा बोलतो. १९१४ सालचं जर्मन टोपण म्हणजे पितळ आणि ॲल्युमिनियम, लग्नातल्या भांड्यांसारखं लखलखीत. पुढे ब्रिटिश आरमारानं नाकेबंदी केली, तांबं मिळेना, तशी टोपणं जस्ताची आणि लोखंडाची झाली. १९१७ साली तर जर्मनीत चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या. घरातली तांब्याची घंगाळी मोडीत निघून त्या जागी पत्र्याचे डबे आले, की ओळखावं घरात काय चाललंय. टोपणाचंही तसंच. आणि त्या सुरुवातीच्या ॲल्युमिनियमचं काय झालं, माहीत आहे? खंदकात बसलेले फ्रेंच शिपाई पडलेल्या जर्मन फ्यूजचं ॲल्युमिनियम वितळवून, कानशीनं घासून त्याच्या अंगठ्या करीत आणि घरी पाठवीत. आपल्याला मारायला आलेल्या वस्तूची अंगठी बायकोच्या बोटात! सासूबाईंनी ही एकच गोष्ट दोनदा ऐकून घेतली.

पण टोपण चुकीचं असलं म्हणजे काय होतं, हे सांगताना सासरे हळू बोलत. १ जुलै १९१६, फ्रान्समधली सोम नदी. आधी आठवडाभर इंग्रजांनी पंधरा लाखांवर गोळे टाकले. जर्मन खंदकांपुढची काटेरी तार तुटायला हवी होती. तार तोडायचं काम मुख्यतः श्रॅपनेलवर सोपवलेलं. ते नेमकं उंचीवर फुटलं तर तार तुटे, एरवी नाही. आपटून फुटणारे गोळे आधी जमिनीत घुसत आणि मग मातीचं कारंजं उडवीत. बऱ्याच ठिकाणी तार जशीच्या तशी राहिली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची ५७ हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. मेलेली १९ हजारांवर. १९१७ मध्ये नंबर १०६ सर्रास वापरात आला, तोही मूळ फ्रेंच कल्पनेवरून. याच्या हातोड्याच्या मानेभोवती पितळी पट्टी गुंडाळलेली. गोळा गरगरत निघाला की भोवऱ्याची जाळी सुटावी तशी ती सुटून जाई, हातोडा मोकळा होई, आणि जमिनीला नाक लागल्याबरोबर, आत घुसायच्या आधीच, गोळा फुटे. तार तुटायला लागली. मूठभर पितळ, पण सहा-आठ महिने उशिरा आलं.

आता नंबर ८० ची कुळकथा सांगतो, कारण सगळ्या ‘मूळचे कुठले’ वाल्यांनी ती ऐकण्याजोगी आहे. इंग्रजी शिक्का, इंग्रजी बाण, इंग्रजी कारखाना. सासरी सगळं इंग्रजी. पण माहेर? माहेर जर्मनीतलं एसेन! हा फ्यूज मुळात क्रुपचा. ‘केपीझेड ९६/०४’, म्हणजे क्रुपच्या पेटंटचा झ्युंडर. १९०२ साली विकर्स या इंग्रज कंपनीनं क्रुपशी करार केला : तुमचा फ्यूज आम्ही बनवू, आणि प्रत्येक फ्यूजमागे एक शिलिंग तीन पेन्स देऊ. व्यवहार चोख. आणि मग १९१४ साली युद्ध लागलं. इंग्रजी तोफा क्रुपच्या अकलेनं क्रुपच्या देशबांधवांवर फुटू लागल्या. हिशेब तेवढा थांबला.

थांबला, मिटला नाही. युद्ध संपल्यावर क्रुपनं विकर्सकडे बिल धाडलं : दोन लाख साठ हजार पौंड. एक शिलिंग तीन पेन्स म्हणजे पंधरा पेन्स, म्हणजे पौंडाला सोळा फ्यूज. आपल्या जुन्या रुपयाला सोळा आणे, तितकं सोपं. गुणाकार करा : एक्केचाळीस लाख साठ हजार फ्यूज. जर्मन पोरांवर पडलेल्या गोळ्यांचे पैसे जर्मन कंपनी इंग्रजांकडे मागते आहे! घासाघीस चालली, आणि १९२६ साली चाळीस हजार पौंडांवर तोडगा निघाला. आमच्याकडे वाड्याच्या वाटणीत दोन भाऊ पिढ्यान् पिढ्या बोलत नाहीत. इथे एवढा मोठा संहार होऊन गेल्यावर आठच वर्षांत दोन्ही घरची माणसं पावती फाडून मोकळी झाली. ‘व्यवहारात भावना आणू नये म्हणतात,’ सासरे म्हणाले, ‘ती अशी.’

मला वाटलं, गोष्ट संपली. तेव्हा ते म्हणाले, ‘हे काही लांबचं नाही. आपली माणसं होती तिथे.’

मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा, आताच्या इराकमध्ये. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली फौज होती सहावी पुणे डिव्हिजन. तीत मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी. सातारा-रत्नागिरीकडची शेतकऱ्यांची पोरं, टायग्रिसच्या चिखलात. त्यांच्या मागे इंग्रजांच्या १८ पौंडी तोफा. त्यांच्या श्रॅपनेलवर नंबर ८०, मूळचा क्रुपचा. समोर तुर्क, त्यांच्या मैदानी तोफा पुष्कळशा क्रुपकडून विकत घेतलेल्या. तुर्की टोपणांवर आकडे अरबी वळणाचे, साल त्यांच्या पंचांगाचं. पण माहेर पुन्हा एसेनच. म्हणजे जाणारा गोळा आणि येणारा गोळा एकाच घरच्या अकलेनं फुटणार, आणि मध्ये खंदकात बसलेला माणूस मात्र दोघांशीही नातं नसलेला, पार सह्याद्रीच्या पायथ्याचा. २९ एप्रिल १९१६ ला अन्न संपून शरणागती झाली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांतली हजारो परत आली नाहीत.

एवढं सगळं ऐकून घेतल्यावर आमच्या हिनं वडिलांना विचारलं होतं, ‘पण बाबा, आता ओळखून उपयोग काय?’ याचं उत्तर नंतर मलाच वर्तमानपत्रात मिळालं. बेल्जियमच्या ईप्र गावात मार्च २०१४ मध्ये बांधकामाच्या जागी पहिल्या महायुद्धातला गोळा फुटला आणि दोन कामगार गेले. शंभर वर्षांनी! तिकडच्या शेतांतून अजून दर नांगरटीला गोळे निघतात. शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि लष्कराचं पथक येऊन घेऊन जातं. वर्षाकाठी दीडशे टनांच्या घरात. त्या पथकातला माणूस गोळ्यापुढे बसतो तेव्हा पहिला प्रश्न तोच विचारतो : मूळचा कुठला? टोपण कुठलं, आपटल्यावर बोलणारं की वेळेवर, पोटात दारू की विषारी वायू? याचं उत्तर चुकलं तर दुसरा प्रश्न विचारायला तो उरत नाही. तुम्हाला-मला कधी शेतात, भंगारात असं काही दिसलंच, तर आपण कुळाची चौकशी करत बसू नये. लांब व्हावं आणि पोलिसांना कळवावं. सासरेसुद्धा तेच करीत.

त्यांच्या टोपणांवरचा मजकूर मी आता सवयीनं वाचतो. नंबर, सुधारणेचा आकडा, कारखाना, साल, लॉट, तपासनिसाचा शिक्का. एक शिलिंग तीन पेन्सच्या वस्तूची इतकी नोंद. आणि साताऱ्याकडे, कोकणात, काही गावांतून इंग्रजांनी लावलेल्या दगडी पाट्या आहेत : या गावातून महायुद्धाला इतके लोक गेले, त्यांपैकी इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे त्या युद्धात ४६ जण गेले. अशा पाट्यांवर माणसांची नावं नसतात. बापाचं नाव नाही, पलटण नाही, कुठे पडला ते नाही, कशानं पडला ते तर नाहीच. नुसते दोन आकडे.

मूळचे कुठले, एवढंच काय ते तिथे कळतं. दगडच सांगतो : याच गावचे.